गुडघा सटकतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

वेचणीहून परतणारी एखादी वयस्क बाई कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून येते, तेव्हा तिला मागून बघा. पाऊल टेकलं की त्या पायाचा गुडघा जरासा बाहेर फेकला जातो आणि धडही त्याच अंगाला झुलतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखणं विचारायच्या आधी मी ही चाल बघतो.

सरळ पायात खुब्यापासून घोट्यापर्यंत रेघ ओढली तर ती जवळपास गुडघ्याच्या मधून जाते. पाय धनुष्यासारखे बाकले की ती आतल्या अंगाला सरकते. मग वजन आतल्या अंगाच्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर पडतं, ती झिजते, आणि झिजली की पाय आणखी बाकतो.

मग अशा चालीत तोल का जातो? चालताना दहापैकी आठ हिस्से वेळ आपण एकाच पायावर असतो. नेमका तेव्हाच गुडघा बाजूला गेला तर सावरायचं सगळं काम मांडीच्या अन् खुब्याच्या स्नायूंवर येतं. आणि दुखतं म्हणून महिनोन्‌महिने बसून काढले असतील, तर तेच ढिले पडलेले असतात. घरच्या सपाट ओसरीवर निभावतं. पण धुऱ्याच्या उतारावर, पांदणीच्या चिखलात नाही. माझ्याकडे आलेली एक आजी म्हणाली, "पाय नाही घसरला जी, गुडघाच सटकला." मला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. वाढत्या पोरांचे गुडघे त्यानं आत किंवा बाहेर वळू शकतात, आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पोराचे गुडघे एकमेकांना घासत असतील, तर त्याला डॉक्टरांना दाखवा अन् पाणीही तपासून घ्या.

मोठ्यांसाठी साधी कसरत. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात न लावता उठा, हळू बसा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जमत नसेल तर खाली उशी घालून बसायची जागा उंच करा.

आणि काठी. गुडघा उजवा दुखतो, काठीही उजव्याच हातात, असंच बहुतेकांचं असतं. ती डाव्या हातात हवी, दुखऱ्या पायासोबतच पुढं टाकायची. त्या आजीला मी हात बदलायला लावला. चार पावलं चालून ती थांबली अन् म्हणाली, "इतकी वर्सं उलटीच धरली होती म्हना की!"