क्रिओल: नासाऊला वळवलेलं जहाज

ऑक्टोबर १८४१. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून क्रिओल नावाचं जहाज न्यू ऑर्लिन्सला निघालंय, आत तंबाखू आणि १३५ गुलाम. परदेशातून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, पण हे देशातल्या देशात चाललेले, म्हणजे धंदा एकदम कायदेशीर.

७ नोव्हेंबरच्या रात्री १९ जणांनी बंड केलं. म्होरक्याचं नाव मॅडिसन वॉशिंग्टन, नाव बघा, दोन प्रेसिडेंटांची आडनावं, आणि ते दोघंही व्हर्जिनियाचे गुलाममालक! व्यापाऱ्यांचा एक माणूस मेला, कॅप्टन जखमी झाला, बाकी खलाशांना मात्र जिवंत ठेवलं, जहाज हाकायला तेच लागणार होते. आधी आफ्रिकेतल्या लायबेरियाला जायचं चाललं होतं पण तेवढं अन्नपाणी नव्हतं, मग कोणीतरी म्हणालं इंग्रजांच्या बहामा बेटांवर चला, कारण आदल्याच वर्षी हर्मोसा नावाचं जहाज तिकडे फुटलं होतं आणि त्यातल्या गुलामांना इंग्रजांनी सोडून दिलं होतं. म्हणजे ही बातमी पार गुलामांपर्यंत पोचलेली, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

बहामातलं नासाऊ बंदर. इथे १८३४ पासून गुलामगिरी बंद. बंडवाल्या १९ जणांना अटक झाली, बाकीच्यांना सांगितलं, तुम्ही मोकळे. तोवर जहाजाभोवती गावातल्या काळ्या लोकांच्या होड्याच होड्या.

इकडे अमेरिकेत भडका. परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर मॅसॅच्युसेट्सचा, तिथे गुलामगिरी नव्हतीच, पण खुर्चीवर बसल्यावर मालकांची बाजू त्यालाच लंडनकडे मांडावी लागली. ओहायोचा खासदार जोशुआ गिडिंग्ज मात्र म्हणाला, व्हर्जिनियाचा कायदा व्हर्जिनियाच्या पाण्यापुरता, भर समुद्रात ही माणसं स्वतंत्रच. झालं, सभागृहाने १२५ विरुद्ध ६९ मतांनी त्याचा निषेध केला, तर पठ्ठ्याने राजीनामा फेकला, पोटनिवडणूक लढवली आणि दणक्यात जिंकून परत त्याच सभागृहात येऊन बसला.

एप्रिल १८४२ मध्ये तुरुंगातले उरलेले १७ जणही सुटले, दोघं तोवर दगावले होते. ऑगस्टमध्ये ब्रिटनशी करार झाला, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या सीमेचा वाद वगैरे मिटला, क्रिओलचं भिजत घोंगडं तसंच. ते मिटलं १८५५ ला, लंडनमध्ये लवादापुढे: १,१०,३३० डॉलर भरपाई. मालकांना.

आणि हो, पाच जण नासाऊला उतरलेच नव्हते. तीन बायका, एक मुलगी, एक मुलगा. जहाजातच लपून राहिले आणि गुलाम म्हणूनच न्यू ऑर्लिन्सला पोचले.