हात वर झाला की गाडी थांबवायची

तुम्ही मंडळी भोरकडची. दिवाळीनंतर वरंध घाटात काय दिसतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. फलटण, बारामती, पुरंदरकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, कोकणात उतरायला लागतात. भातं निघालेली असतात, शेतकरी शेतात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतात, आणि पावसाच्या आधी वाडे परत देशावर चढतात. घोड्यांबरोबर बहुतेक बायका असतात, कारण पुढच्या तळावर चूल त्यांनाच पेटवायची असते. घोड्याच्या पाठीवर भांडी, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, पाय बांधलेल्या कोंबड्या, रात्री जन्मलेलं कोकरू आणि कधी कधी या सगळ्यावर झोपलेलं पोर.

हे घोडं बरंचदा भीमथडी जातीचं असतं. मराठ्यांच्या घोडदळाच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. त्याच मुलखातली ही जात धनगरांनी आजवर सांभाळली, आता तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही झाली आहे. यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. कोणी बोलावलं तर येईन!

माझी तक्रार हॉर्नची आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. आपण नेमके शेपटीमागे येतो आणि तिथून हॉर्न वाजवतो. आवाज कानात शिरतो, पण करणारा दिसत नाही. शिकारी जनावरांपुढे पळून जगलेली ही जात, ती आधी उधळते. आणि घाटात उधळून जाणार कुठे? एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. उरतो तो रस्ता, म्हणजे तुमचीच गाडी.

घाटातल्या वाघजाईच्या देवळाच्या अलीकडे मी हे पाहिलं आहे. एका पिकअपवाल्याने मागून हॉर्न दाबून धरला. घोडी दोन पायांवर उभी राहिली, डबा उलटला, ज्वारीचं पीठ डांबरावर. बाईंनी दोर सोडला नाही, पुढे हात करून त्या "थांब, थांब" म्हणत राहिल्या. काचेतून प्रश्न आला, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?" त्या काही बोलल्या नाहीत. घोडीची मान थोपटत उभ्या राहिल्या, मग खाली बसून पीठ भरू लागल्या, वरचं वरचं, खडी टाळून. मागच्या एसटीतले लोक खिडकीतून बघत होते. त्यांच्यातलं कोणीही खाली उतरलं नाही, याचाही मला राग आहे.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली म्हणतात. मग ज्यासाठी आलो ते पटकन सांगतो. त्या बाईंचा वर झालेला हात ही विनवणी नव्हती, तो कायद्याने दिलेला अधिकार होता. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३२. जनावर बिथरलंय किंवा गाडीला बुजून आवरेनासं होईल, असं ते सांभाळणाऱ्याला वाटलं आणि त्याने थांबायला सांगितलं, तर चालकाने गाडी थांबवायची, आणि गरज असेल तेवढा वेळ थांबूनच राहायचं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे घाटातल्या चालकांना ठाऊक असतं. हे मात्र कोणी शिकवत नाही.

ब्रिटनमध्येही अरुंद रस्त्यांवर घोडेस्वार असतात. तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या पुस्तकात, २०२२ पासून आकडेच दिले आहेत: घोड्याजवळून जाताना ताशी १० मैलांच्या आत, म्हणजे साधारण १६ किलोमीटर, आणि घोड्यापासून किमान २ मीटर लांबून. हॉर्न नाही, इंजिनची घरघर नाही. आपल्या घाटात २ मीटर मिळणार नाहीत, म्हणून आपल्याकडे थांबणंच खरं.

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत यावर एक प्रश्न हवा, आणि दिवाळीच्या आधी घाटाच्या दोन्ही तोंडांना फलक हवेत. मागणीचा अर्ज दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना सही करून जा, आणि पिकअप चालवणारं कोणी घरात असेल तर कलमाची एक प्रत त्याच्यासाठीही न्या.