सापाला खोकता येत नाही

मंडळी, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण आजचा विषय, म्हणजे पाळलेल्या सापांचा श्वसनमार्गाचा संसर्ग, सगळा तिच्यातूनच निघतो. सापाला खोकता येत नाही. छातीत कफ साठला की आपण खाकरतो, खोकतो, मोकळे होतो. त्या जोरामागे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, असतो. सापाकडे तो नाही. फासळ्यांमधल्या स्नायूंवर त्याचा श्वास चालतो. बहुतेक सापांचा भार एकट्या उजव्या फुप्फुसावर असतो. अजगर आणि बोआ यांना डावंही असतं, पण लहान. फुप्फुस म्हणजे लांबट पिशवी, आणि तिच्या मागच्या भागात तर नुसती हवा. तिथे स्राव उतरला की वर यायचा कसा? त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, चीजच्या चुऱ्यासारखा घट्ट असतो. म्हणून आजार आत मुरलेला असतो आणि बाहेर आपल्याला साप फक्त "जरा सुस्त" वाटतो.

माझ्याकडे एकदा एक बॉल पायथन, म्हणजे पाळला जाणारा लहान जातीचा अजगर, आला होता. मालकाने मोबाइलवर फोटो दाखवले. साप डोकं उंच करून वर बघतोय, ऐटदार दिसतोय, म्हणून त्याने आठवडाभर हौसेने फोटो काढले होते. ती ऐट नव्हती. श्वासाची वाट सरळ व्हावी म्हणून तो जीव मान ताणून बसला होता. मी हलक्या हाताने त्याचं तोंड उघडलं. सापाच्या तोंडात तळाशी, जिभेच्या मुळाजवळ, एक छोटी फट दिसते. तीच श्वासनळीचं तोंड. ती उघडते, मिटते. याची फट उघडली की कडेला एक बुडबुडा फुगायचा, आणि टाळूपर्यंत लाळेची चिकट तार ताणली जायची. मालकाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याचं त्या सापावर प्रेम होतं, फक्त काय बघायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तर बघायचं ते असं. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेणं, नाकपुडीशी बुडबुडे, तोंडाच्या कडेला फेस, श्वासाबरोबर घरघर किंवा टकटक. खोलीत शांतता असताना सापाजवळ कान न्या आणि ऐका. कात टाकायच्या दिवसांत नाकपुडीत कातडीचा तुकडा अडकून बारीक शिट्टी वाजते; कात निघाल्यावर ती थांबली, तर काळजी नको. थांबली नाही, तर पशुवैद्य गाठा. जांभई एखादी चालते, पण साप दिवसभर जबडा उघडत असेल तर ती जांभई नव्हे.

आता कारण. जिवाणू बहुतेक वेळा आधीपासून आसपास असतातच. स्यूडोमोनास, एरोमोनास ही नेहमीची नावं. त्यांना संधी मिळते ती गारठ्यामुळे. सापाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उष्णतेवर चालते. बॉल पायथनला गरम बाजूला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला 25 ते 27 लागतं. पेटीच्या काचेवर चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक साप बसतो तिथलं तापमान सांगत नाही. तापमापकाचा वायरवाला प्रोब सापाच्या जागेवर ठेवा, आणि हीटरला थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारं यंत्र) लावाच, नाहीतर साप भाजतो. आर्द्रता कमी पडली तर श्वासमार्ग कोरडा पडतो. आर्द्रता भरपूर पण हवा कोंडलेली, तर ओल आणि बुरशी. अंगावर माइट्स, म्हणजे रक्त शोषणारे गोचिडीसारखे बारीक जीव, असतील तर तेही सापाला खंगवतात.

उपचार घरी सुरू करू नका. माणसांची उरलेली अँटिबायोटिक्स तर मुळीच देऊ नका. पशुवैद्य श्वासनळीतून थोडा द्रव घेऊन कल्चर करतो, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखतो, एक्स-रे काढतो, मगच औषध ठरतं. सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक अनेकदा वापरतात. ते सापाच्या अंगात इतकं टिकतं की साधारण 72 तासांनी एकदा दिलं तरी पुरतं. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जाऊ शकतं. अमिकॅसिनसारखं अँटिबायोटिक असेल तर शरीरात पाणी पुरेसं हवं, नाहीतर मूत्रपिंडांना इजा होते. घट्ट स्राव सुटावा म्हणून नेब्युलायझर, म्हणजे श्वासातून बारीक तुषार देणारं यंत्र, हेही लावतात.

औषध चालू असताना गरम बाजू त्या जातीच्या योग्य तापमानाच्या वरच्या टोकाला ठेवा, रात्रीही गार पडू देऊ नका. याच्याशिवाय इंजेक्शनं अर्धीच लागू पडतात, असा माझा अनुभव आहे. धाप लागलेल्या सापाला जबरदस्तीने भरवू नका.

सगळं करूनही बरं वाटत नसेल तर विषाणूची तपासणी करून घ्या. बॉल पायथनमधला निडोव्हायरस हा श्वसनमार्गाचा विषाणू 2014 मध्ये पहिल्यांदा वर्णिला गेला. तोंडातून कापसाच्या बोळ्याने नमुना (स्वॅब) घेऊन त्यावर पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करून तो शोधतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणून नवा साप आणला की तो किमान 90 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या पाण्याच्या भांड्याने ठेवा, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा. दर आठवड्याला वजन करून तारखेसह लिहा. घरघर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी वजन उतरू लागलेलं त्या वहीत दिसतं.