ज्या रुळांवरून जंगल गेलं

ग्रीनब्रायर, गॉली, एल्क, चेरी, क्रॅनबेरी, विल्यम्स, टायगार्ट व्हॅली आणि शेव्हर्स फोर्क. या आठही नद्या एकाच काउंटीच्या डोंगरांत उगम पावतात. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली ही पोकाहॉन्टस काउंटी. क्षेत्रफळ सुमारे 2,400 चौरस किलोमीटर, आणि 2020च्या जनगणनेनुसार माणसं आठ हजारांहूनही कमी. इथे पाहिलं की नजरेत भरतं ते जंगलच.

पण हे जंगल मूळचं नाही. ते पुन्हा उगवलेलं आहे.

1901 मध्ये एका कागद कंपनीनं इथे कॅस हे गाव वसवलं. रांगेनं उभी असलेली ही पांढरी लाकडी घरं कामगारांची. आता त्यांत पर्यटक मुक्काम करतात. वर डोंगरात स्प्रूसची झाडं पडायची, रुळांवरून ओंडके खाली यायचे आणि गिरणीत कापले जायचे. राज्यभर अशीच तोड चालली होती. उघड्या पडलेल्या उतारांवर वणवे लागले, माती वाहून गेली, खालच्या खोऱ्यांत पूर आले. शेवटी सरकारनं उजाड जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली आणि 1920 मध्ये मोनोंगाहेला राष्ट्रीय वन अस्तित्वात आलं.

कॅसची गिरणी 1960 मध्ये बंद पडली. रूळ भंगारात जाणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. रेल्वेवर जीव असलेल्या माणसांनी आग्रह धरला, राज्यानं तो मार्ग विकत घेतला आणि 1963 मध्ये त्यावरून पर्यटकांची पहिली गाडी निघाली.

आता हे इंजिन जवळून पाहा. याला म्हणतात शे इंजिन. नेहमीच्या वाफेच्या इंजिनाचे दट्टे आडवे असतात आणि चाकांना थेट ढकलतात. इथे तीन सिलिंडर उजव्या अंगाला उभे बसवलेले आहेत. त्यांचं वजन तोलण्यासाठी बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला आहे. सिलिंडर फिरवतात एक लांब दांडा, आणि त्या दांड्यावरची दंतचक्रं प्रत्येक चाकाला जोर देतात. एकही चाक नुसतं ओढलं जात नाही. म्हणूनच, जिथे दर शंभर फुटांत अकरा फूट चढ आहे, तिथेही हे इंजिन गाडी ढकलत नेतं. धापा ऐकल्या तर वाटेल, गाडी भरधाव सुटली आहे. खिडकीतून पाहावं तर शेजारचं झाड अजून शेजारीच! 1905 साली बांधलेलं पाच नंबरचं इंजिन आजही कॅसमध्येच आहे.

वाटेत दोनदा गाडी थांबते, रूळ बदलते आणि उलट्या दिशेनं चढू लागते. वर बाल्ड नॉब. उंची 4,842 फूट. समोर एकामागून एक निळसर होत गेलेल्या डोंगररांगा. माझ्या मते या काउंटीत एकच दिवस हाताशी असेल, तर तो या गाडीला द्यावा.

डोंगरांचा आणखी एक उपयोग इथे झाला आहे. ते बाहेरच्या रेडिओ लहरी अडवतात. 1958 मध्ये या भागाभोवती सुमारे 13 हजार चौरस मैलांचं रेडिओ शांतता क्षेत्र, म्हणजे रेडिओ प्रक्षेपणावर मर्यादा असलेला प्रदेश, जाहीर झालं. त्याच्या मधोमध आहे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी ग्रीन बँक वेधशाळा. 1960 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी इथूनच दोन ताऱ्यांकडे अँटेना वळवून परग्रहावरच्या कुणाची हाक ऐकू येते का, याचा कानोसा घेतला. आजची दुर्बीण 2000 सालची. तिची तबकडी 100 बाय 110 मीटरची आहे, आणि ती सगळीच्या सगळी हवी तिकडे वळते. तिच्याजवळ जाणारी बस डिझेलची असते, कारण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगच्या ठिणगीनंही निरीक्षणात गोंगाट मिसळतो. डिजिटल कॅमेराही जवळ नेता येत नाही. म्हणूनच कॅमेऱ्यातून ही दुर्बीण लांबूनच दिसते.

दक्षिणेकडे क्रॅनबेरी ग्लेड्सच्या दलदली आहेत. अर्ध्या मैलाची फळ्यांची वाट, आणि फळी सोडून खाली पाय टाकायचा नाही. इथे खाली वाकायला हवं. शेवाळाच्या गादीत नखाएवढी लालसर पानं दिसतात. प्रत्येक केसाच्या टोकावर थेंब आहे, पण तो दवाचा नाही, चिकट द्रवाचा आहे. ही ड्रॉसेरा. आम्लयुक्त मातीत नायट्रोजन फारसा मिळत नाही, म्हणून ही वनस्पती तो किड्यांतून मिळवते. एरवी कॅनडाकडे आढळणाऱ्या अनेक वनस्पती हिमयुगापासून इथे टिकून आहेत.

हिवाळ्यात स्नोशू इथे स्कीइंगसाठी गर्दी होते. चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी मात्र नदीकाठ गाठावा.

ग्रीनब्रायरच्या काठाची रेल्वे 1978 मध्ये बंद झाली. रूळ निघाले, उरलेल्या वाटेवर खडी पसरली. कॅसपासून काल्डवेलपर्यंत 78 मैल, म्हणजे सुमारे 125 किलोमीटर. लाकडानं भरलेल्या गाड्यांसाठी आखलेली वाट असल्यामुळे चढ जवळजवळ जाणवत नाही. लहान मुलंसुद्धा दमत नाहीत. वाटेत 35 पूल आणि दोन बोगदे आहेत. त्यांतला शार्प्स बोगदा पाचशे फुटांचा. आत शिरताच अंगाला गारवा लागतो, पुढच्या चाकाखालची खडी दिसेनाशी होते, फक्त कुरकुर ऐकू येते. मग समोरचा उजेडाचा ठिपका मोठा होत जातो, आणि बाहेर पडताच सायकल थेट पुलावर येते. खाली ग्रीनब्रायर वाहत असते, दोन्ही काठ झाडांनी भरलेले.