एका ठिपक्याची गोष्ट

नमस्कार, श्रोतेहो.

चिनी सुलेखन शिकणाऱ्याला बहुतेकदा आधी 'योंग' हे अक्षर गिरवायला देतात. योंग म्हणजे चिरंतन. थोर चिनी सुलेखनकार वांग शीझी यांनी 353 साली लानतिंग इथल्या मैफलीतल्या कवितांना लिहिलेली प्रसिद्ध प्रस्तावना याच अक्षरानं सुरू होते. सुलेखनातली आठ मूळ वळणं या एका अक्षरात सापडतात, आणि पहिलं वळण म्हणजे डोक्यावरचा ठिपका.

आपण अनुस्वार देतो तो टोक टेकवून. इथं तसं चालत नाही. कुंचला उभा धरायचा, टोक हलकेच टेकवायचं, उजवीकडे खाली दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि टोक वळवून पुन्हा आत घ्यायचं. पुन्हा सांगतो: टेकवा, दाबा, थांबा, आत घ्या. शाई वडीची, दगडावर पाणी घालून चंदनासारखी उगाळलेली. बाटलीतली शाई मला विचाराल तर आळशांची. उगाळता उगाळता हात शांत होतो, ते बाटलीत कुठून मिळणार?

याच पाण्यावरून एक लोककथा सांगतात. वांग शीझींचा धाकटा मुलगा शियानझी. त्यानं आईला विचारलं, "बाबांसारखं अक्षर यायला काय करू?" आईनं अंगणातले अठरा रांजण दाखवले. "एवढं पाणी शाई उगाळण्यात संपव."

पोरगं जिद्दीचं. तीन रांजण संपवले आणि कागदांचा गठ्ठा वडिलांपुढे ठेवला. वडील एकेक कागद उलटत गेले, तोंडातून शब्द नाही. एका कागदावर 'दा' होतं, म्हणजे मोठा. त्यांनी त्याच्याखाली एक ठिपका दिला. 'दा'चं 'ताय' झालं, म्हणजे अतिशय.

मुलगा तोच गठ्ठा घेऊन आईकडे गेला. तिनं सगळे कागद पाहिले, 'ताय'वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या लेकानं तीन रांजण पाणी संपवलं, पण वडिलांसारखा उतरलाय तो फक्त हा ठिपका!"

हल्ली आपण पोरांच्या रेघोट्यांनाही "वा, काय सुंदर!" म्हणतो. असो.

पोरानं उरलेले पंधरा रांजणही संपवले म्हणे. पुढे या बापलेकांना मिळून 'दोन वांग' असंच म्हणू लागले.

अरे, वेळ संपली की! आडवी रेघ राहिलीच. ती उजवीकडे जाताना किंचित चढती ठेवा. उजवीकडे, किंचित चढती. नमस्कार.