सात जिन्नसांचा काढा

मातीच्या भांड्यात सात जिन्नस पाण्यात पडले आहेत. त्यांतील तीन मराठी घरात कुणालाही ओळखता येतील: आल्याचे काप, ज्येष्ठमधाचे तुकडे आणि वाळलेली लाल बोरे. ही बोरे मात्र आपल्या बाजारातली आंबटगोड बोरे नव्हेत. ती त्याच कुळातील, पण गराने भरलेली आणि गोड अशी चिनी बोरे आहेत. उरलेल्या चारांमध्ये जिनसेंग, हुआंग छिन नावाचे पिवळे मूळ, बान श्या नावाचा छोटा कंद आणि छाय हू हे धन्या-जिऱ्याच्या कुळातील वनस्पतीचे मूळ येते. या शेवटच्या मुळावरूनच काढ्याला नाव पडले: श्याओ छाय हू थांग, म्हणजे छाय हूचा लहान काढा. मोठा काढाही आहे. त्यातील घटक काहीसे वेगळे आहेत.

हा पाठ, म्हणजे औषधाची ही कृती, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची आहे. चीनची हान राजवट मोडकळीस आली असताना झांग झोंगजिंग या वैद्याने ज्वरांवरील आपला ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे की, दोनशेहून अधिक माणसांच्या त्याच्या कुळातील दोन तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत दगावली आणि त्यांपैकी दहात सात जण ज्वरानेच गेले. अशा घरातल्या माणसाने हा ग्रंथ लिहिला आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

ज्वर शरीराच्या बाहेरच्या थरात असेल तर घाम काढावा आणि आत शिरला असेल तर रेचक द्यावे, असा चिनी वैद्यकाचा ढोबळ नियम आहे. पण रोग धड बाहेर नाही आणि धड आतही नाही, अशी एक मधली अवस्था असते. तिला शाओयांग म्हणतात. थंडी आणि ताप आळीपाळीने येतात, बरगड्यांखाली भरल्यासारखे वाटते, अन्नावर वासना राहत नाही, तोंड कडू पडते, मळमळते. अशा रुग्णाला घामही काढू नये आणि रेचकही देऊ नये. त्याच्यासाठी हा काढा आहे. येथे आपल्यापुरती एक सूचना आवश्यक वाटते. थंडी वाजून ताप येणे हे आपल्याकडे हिवतापाचे लक्षण असू शकते, आणि अशा वेळी काढा नव्हे, तर आधी रक्ताची तपासणी हवी.

काढा करण्याची रीतही ग्रंथात मोजून दिलेली आहे. बारा माप पाणी आटवून सहा करावे, चोथा गाळून टाकावा आणि गाळलेले पाणी पुन्हा उकळून तीन माप करावे. त्यातील एकेक माप कोमट करून दिवसातून तीन वेळा प्यावे. आज चीनमध्ये आणि जपानमध्ये बहुतेक लोक हा काढा पुडीतील दाणेदार चूर्णाच्या रूपात घेतात, त्यामुळे दोनदा आटवण्याचा हा खटाटोप कारखान्यात जातो.

बान श्याकडे मात्र जवळून पाहायला हवे. हा कंद अळू आणि सुरणाच्या कुळातला आहे. कच्चे अळू घशाला का खाजते, हे आपल्या स्वयंपाकघरात सांगावे लागत नाही. सुईसारखे सूक्ष्म स्फटिक तेथेही असतात आणि येथेही. आपण चिंच किंवा आमसूल घालतो, चिनी औषधकार कंदावर तुरटी आणि आल्याची प्रक्रिया करतात. प्रक्रिया न केलेला बान श्या विषारी मानला जातो. छाय हूच्या बाबतीतही एक फसगत संभवते: मोठ्या पानांची एक जात दिसायला जवळची, पण विषारी आहे. तिच्या जमिनीखालच्या खोडावर दाट वळ्या असतात, आणि ती छाय हू म्हणून वापरू नये, असे चीनच्या औषधकोशातच बजावले आहे.

या काढ्याची खरी परीक्षा जपानमध्ये झाली. तेथे त्याला शो-साइको-तो म्हणतात. १९७६ पासून असे अनेक पारंपरिक पाठ जपानच्या आरोग्यविम्यात आले, आणि हा काढा यकृताच्या दीर्घकालीन दाहावर सर्रास लिहून दिला जाऊ लागला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, यकृत सुकत चाललेल्या २६० रुग्णांवरील एका अभ्यासात काढा घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले. सर्व रुग्ण एकत्र धरले तर मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नव्हता. दरम्यान, काढा घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या तीव्र दाहाचे रुग्ण आढळू लागले होते. यकृताच्या दाहावर दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉन या औषधाबरोबर हा काढा देण्यास मनाई झाली, आणि मार्च १९९६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा दिला: १९९४ च्या आरंभापासून असे ८८ रुग्ण नोंदले गेले होते आणि त्यांतील १० दगावले होते.

जपानमधील जुन्या पद्धतीच्या अनेक वैद्यांनी यावर आक्षेप घेतला की, मूळ पाठ एका विशिष्ट लक्षणसमूहासाठी होता, आणि तो रोगाचे नाव पाहून महिनोन्महिने दिला गेला. आक्षेप बिनबुडाचा नाही. पण लक्षणे जुळली असती तर फुप्फुसे खात्रीने वाचली असती, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

ज्येष्ठमध हा यातील सर्वांत ओळखीचा घटक, आणि म्हणूनच त्याच्याविषयी बेफिकिरी अधिक. त्यातील ग्लिसिरायझिन अधिक काळ पोटात गेले, तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवते, पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो, पाय सुजतात आणि स्नायूंतील शक्ती जाते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो, कारण त्यांतील अनेक गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होते. हुआंग छिन असलेल्या औषधांनी यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत चीनने जे एकवीस जिन्नसांचे औषध सुचवले, त्यात चार जुने पाठ एकत्र केले होते आणि हा त्यांपैकी एक होता. जपानमध्ये तो आजही मिळतो. मात्र इंटरफेरॉन घेणाऱ्यांना आणि यकृत सुकलेल्या किंवा यकृताचा कर्करोग असलेल्या रुग्णांना तो तेथे वर्ज्य आहे. ताप, कोरडा खोकला किंवा धाप जाणवताच औषध थांबवून डॉक्टरांकडे जावे, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकात असते. आणि त्या तिन्हींपैकी ताप हे तर ज्यासाठी हा काढा मुळात दिला जातो, तेच लक्षण आहे.