डिस्क उघडत नाहीये? आधी हात काढा, मग सॉफ्टवेअर शोधा

नमस्कार मंडळी. होम सर्व्हरवर व्हिडिओ टाकला होता ना, त्याच्या खाली कमेंट कशावर आल्यात बघा, सर्व्हरवर नाहीतच, "दादा माझी एक्सटर्नल हार्डडिस्क उघडत नाही, फॉरमॅट करा म्हणते, आत सगळे प्रोजेक्ट आहेत, काय करू." मग खाली "सेम प्रॉब्लेम", "मलापण सांगा" अशी रांग. आणि त्या रांगेत कुणीतरी एक जण एकदम डॉक्टरच्या थाटात लिहून मोकळा होतो, "चेकडिस्क मार भावा, होऊन जाईल." चेकडिस्क म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल. आजचा व्हिडिओ त्या भावासाठी.

बेसिक पटकन सांगतो. फाइल डिलीट केली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही, ती जागा रिकामी आहे अशी फक्त नोंद होते, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा तिथंच पडून असतो. हे तुम्हाला माहितीये. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिप्सवाल्या ड्राइव्हचं वेगळं आहे, त्याच्यावर येतो.

आता तो फॉरमॅटचा मेसेज. विंडोज म्हणतं, वापरायच्या आधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, आणि फॉरमॅटचं बटण असं समोर ठेवतं की घाईत माणूस एंटर दाबून मोकळा. या मेसेजचा अर्थ तुमचा डेटा गेला असा नाही. विंडोजला फाइल सिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदवहीची, सुरुवात वाचता आली नाही, एवढाच अर्थ आहे. कॅन्सल दाबा, डिस्क काढून बाजूला ठेवा आणि चहा प्या. खरंच, आधी चहा.

आणि चेकडिस्क का नाही, तर त्याचं काम तुमचा डेटा वाचवणं हे नाहीच्चे. त्याचं काम फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवणं. हिशोब जुळवताना ज्या नोंदी बसत नाहीत त्या ते छाटतं, मग तुम्हाला फाउंड शून्य शून्य शून्य नावाचं फोल्डर मिळतं आणि आत सीएचके एक्स्टेन्शनच्या फाइल्स, कुठली कशाची काही कळत नाही. आणि हे सगळं ते मूळ डिस्कवरच लिहून करतं, म्हणजे परतीचा रस्ता बंद. त्यात स्लॅश आर हा ऑप्शन लावला तर आधीच मरायला टेकलेल्या डिस्कचा एकूण एक सेक्टर, म्हणजे छोट्यातला छोटा कप्पा, वाचायला लावतं. लिनक्सवाल्यांनी हसू नका, तुमचं एफएसचेक पण तेच करतं, फक्त तुमचं फोल्डर लॉस्ट प्लस फाउंड. निरोगी डिस्कवर, लाइट गेल्यामुळे मशीन अचानक बंद पडलं असेल तर जरूर चालवा. पण डेटा हवाय आणि बॅकअप नाही अशा डिस्कवर, नको.

म्हणजे मुद्दा एकच आहे: मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आता हेच दुसऱ्या बाजूने सांगतो, कारण "हो हो कळलं" म्हणणारे इथेच चुकतात. सी ड्राइव्हवरून फोल्डर उडालं, लगेच त्याच लॅपटॉपवर ब्राउझर उघडला, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, इन्स्टॉल केलं, कुठे? सी ड्राइव्हवर. जी जागा रिकामी म्हणून नोंदली होती तिथंच तो इन्स्टॉलर जाऊन बसला असेल. ब्राउझरची कॅश पण तिथंच. मग रिकव्हर झालेल्या फाइल्स सेव्ह कुठे केल्या, तर डेस्कटॉपवर. म्हणजे परत सी ड्राइव्ह! एकाने तर कमेंटमध्ये लिहिलंय की अर्ध्या फाइल्स मिळाल्या आणि बाकीच्या करप्ट, सॉफ्टवेअर भंगार आहे. अरे सॉफ्टवेअर काय करणार.

आता तिसरी बाजू, खास लिनक्सवाल्यांसाठी. "मी डिस्क रीड ओन्ली माउंट केलीये, मी सेफ आहे." माउंट म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडून उघडणं, रीड ओन्ली म्हणजे फक्त वाचायला. पण सेफ? नाही. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची आधी केलेली नोंद, अर्धवट राहिला असेल तर रीड ओन्ली माउंट करतानासुद्धा कर्नल तो जर्नल डिस्कवर पूर्ण करतं, म्हणजे लिहितं. ते नको असेल तर सोबत नोलोड हा ऑप्शन द्यावा लागतो. आणि डेस्कटॉपवर ऑटोमाउंट चालू असेल तर तुम्ही ठरवायच्या आधीच डिस्क माउंट झालेली असते. ते आधी बंद करा, मग डिस्क लावा.

बरं, मग करायचं काय? इमेज. पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये, आणि पुढचे सगळे उद्योग त्या नकलेवर. टूल आहे जीएनयू डीडीरेस्क्यू. उबुंटू लिनक्समध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू, इथे दर वेळी कुणीतरी अडकतं. साधं डीडी वापरू नका, ते पहिल्या रीड एररला थांबतं. डीडीरेस्क्यू आधी सोपं सोपं उचलतं, खराब भाग दिसला की उडी मारून पुढे जातं, आणि राहिलेल्याकडे नंतर परत येतं. पहिल्यांदा डॅश एन लावून चालवा, म्हणजे खराब जागा उकरत बसणार नाही. मग दुसऱ्या फेरीत डॅश आर ३.

आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका! त्या कमांडमध्ये तिसरं नाव असतं ते हे. साधी टेक्स्ट फाइल आहे, एडिटरमध्ये उघडून बघा, कुठून किती बाइट्स आणि पुढे एक चिन्ह. अधिक म्हणजे मिळालं, वजा म्हणजे खराब सेक्टर, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हातच लावला नाही. मध्येच लाइट गेली, केबल निघाली, काही झालं तरी तीच कमांड परत द्यायची, जिथे सोडलं तिथून पुढे. मॅपफाइल नसेल तर सगळं पहिल्यापासून, आणि मरणाऱ्या डिस्ककडे तेवढा वेळ असेलच असं नाही.

आमच्या आतेभावाची १ टीबीची डिस्क अशीच आली माझ्याकडे. तो काही आयटीवाला नाही, पण हौशी माणूस, सोसायटीच्या भिशीच्या हिशोबाचा प्रोग्राम स्वतः लिहिलाय आणि वर्षानुवर्षं त्यात भर घालतोय, अख्खा कोड त्या डिस्कवर. आधी स्मार्टकंट्रोलने, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडने, बघितलं, १९७ नंबरची ओळ, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, तिथे शून्य हवं, ते नव्हतं. ५ आणि १९८ नंबरच्या ओळी पण बघत जा. मग डीडीरेस्क्यू लावलं. निरोगी डिस्क १०० एमबी प्रति सेकंदाने वाचली तर १ टीबीला तीनेक तास लागतात. ही रात्रभर चालली. स्पीड छान असायचा, मग एकदम काही केबीवर यायचा, रीड एररचा आकडा हलायचा, की परत वर. बघत बसू नका, जीव खालीवर होतो.

इमेज झाल्यावर टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशन आणि फाइल्स शोधणारं टूल. गंमत बघा, खराब नेमकी ती सुरुवातीची जागा होती, एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमचा, बूट सेक्टर. पण एनटीएफएस त्याची एक कॉपी पार्टिशनच्या शेवटी ठेवतं. टेस्टडिस्कने ती उचलली, फाइल लिस्ट करायला पी दाबलं, आणि सगळी फोल्डर नावांसकट समोर. हेच मूळ डिस्कवर करता आलं नसतं का? आलं असतं, आणि फसलं असतं तर मी त्याला काय तोंड दाखवलं असतं. घरातलीच माणसं, दिवाळीत भेटायचंय.

फोटोरेक नावाचं अजून एक रिकव्हरी टूल आहे, पण तो शेवटचा उपाय, पहिला नाही. ते फाइल सिस्टिम बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीच्या ठरावीक बाइट्स शोधत जातं. फोटो छान मिळतात, नावं आणि फोल्डर मात्र जातात. आणि सोर्स कोडला अशी ठरावीक सुरुवात नसते, बरंचसं नुसतं टेक्स्ट म्हणून येतं, हजारो फाइल्स. तेव्हा स्वतःच्या एखाद्या विचित्र फंक्शनचं नाव आठवा आणि ग्रेप मारा, म्हणजे सगळ्या फाइल्समध्ये तो शब्द शोधा. व्हेरिएबलला मराठी नावं देता म्हणून हसतात ना लोक, इथे तीच नावं कामाला येतात.

डिस्क टिकटिक आवाज करत असेल तर यातलं काहीही करू नका. बंद. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर न्या, कुठेही न्या, पण आत क्लीन रूम आहे का विचारा, टेबलावरच झाकण उघडणाऱ्याकडे देऊ नका. आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोण देतं अजून? बाहेर काढल्यावर आत दव धरतं, त्यात आपला पावसाळा. असो.

एसएसडी. ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिलीट झालेले ब्लॉक ड्राइव्हला कळवले जातात आणि ड्राइव्ह ते साफ करतं. विंडोज हे जवळजवळ लगेच कळवतं, उबुंटूमध्ये बाय डिफॉल्ट आठवड्यातून एकदा. म्हणजे उबुंटूवर उडवलं असेल तर नशिबात असेल थोडी आशा, लगेच बंद करून दुसऱ्या पेनड्राइव्हवरून बूट करा. विंडोजवर, अवघड आहे बाबा.

गिटवाले, म्हणजे कोडचे सगळे बदल नोंदवून ठेवणारं गिट वापरणारे, फार निवांत असतात. कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, उडालं तर गिटची रीफ्लॉग नावाची नोंदवही आहेच, उडालेल्या कमिटसाठी बाय डिफॉल्ट ३० दिवस. कमिट केलंच नव्हतं पण गिट ॲड केलं होतं? तरी गिटच्या स्वतःच्या एफएसचेकला लॉस्ट फाउंड ऑप्शन लावून ब्लॉब, म्हणजे फाइलचा मजकूर, मिळतो, करून बघा. पण गिटइग्नोअरमधली, म्हणजे गिटला वगळायला सांगितलेली, सेटिंगची एन्व्ह फाइल आणि एसक्यूलाइट डेटाबेस त्यात नाही, आणि पुश न केलेली, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेली, ब्रँच तुमच्या लॅपटॉपसोबतच जाणार.

"मग बॅकअप कुठला घेऊ?" रेस्टिक घ्या, बोर्ग घ्या, दोन्ही बॅकअपचीच टूल आहेत, भांडू नका. फक्त गूगल ड्राइव्हला सिंक होतंय म्हणजे बॅकअप झाला असं म्हणू नका, इथे उडवलं की तिथेही उडतं, ट्रॅशमध्ये ३० दिवस, मग संपलं. आणि नुसता घेऊन ठेवू नका, महिन्यातून एखादं फोल्डर खरंच रिस्टोअर करून उघडून बघा. गिटलॅबचं, म्हणजे लोकांचा गिटमधला कोड ऑनलाइन ठेवणाऱ्या कंपनीचं, ३१ जानेवारी २०१७ ला काय झालं वाचा. चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं, बॅकअप बघायला गेले तर पीजी डंप हे डेटाबेसची कॉपी काढणारं टूल जुन्या व्हर्जनचं म्हणून कधीपासून फेलच होत होतं, आणि फेल झाल्याचे मेल सुद्धा मेल सर्व्हर परत पाठवत होता. शेवटी सहाएक तास जुन्या स्नॅपशॉटवरून उभं केलं, तेही योगायोगाने घेतलेला. एवढी मोठी कंपनी, आपण कोण.

रेस्टिकचा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर टेक्स्ट फाइलमध्ये ठेवू नका, कागदावर लिहून कपाटात ठेवा, पासवर्ड हरवला तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, रेस्टिक लिहिणाऱ्यालासुद्धा.

सगळ्या कमांड खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकल्यात. त्यात मी एसडीबी लिहिलंय, ते माझ्या मशीनवरचं डिस्कचं नाव. तुमच्याकडे एसडीबी म्हणजे दुसरीच डिस्क असू शकते, एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड देऊन साइज आणि मॉडेल बघा, मग नाव बदला, आणि आधी सोर्स, मग इमेज, हा क्रम दोनदा वाचून मगच एंटर.